उजवं अर्ध्या सुतानं मोठं

चौऱ्याण्णव साली देश जगासाठी खुला झालेला होता आणि मी एम.ए. होऊन घरात बसलेलो होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं मला हैदराबादेत नामपल्लीच्या एका सरकारी अधिकाऱ्याने पटवून दिलं. त्याचं म्हणणं असं की परदेशातल्या बायका हाताने घडवलेल्या चांदीच्या दागिन्यांसाठी खोळंबून बसल्या आहेत आणि आपल्याकडे घडवणारे हात कमी पडताहेत. सुशिक्षित बेरोजगारांसाठी विद्यावेतनासह आठ महिन्यांचा वर्ग निघाला होता. मी माझे हात पाहिले. ते दोन्ही अटी पुऱ्या करत होते.

आमच्या घरात चार पिढ्या कचेरीत गेल्या. आधी निजामाच्या, मग आंध्र सरकारच्या. हाताने करायचं काम म्हणजे सही, आणि तीही वरच्या साहेबाची झाल्यावर. बाबांना वर्गाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला.

"एम.ए. होऊन सोनारकाम?"

"सोनारकाम नाही बाबा. एक्स्पोर्ट."

त्यांनी पेपर परत वर घेतला. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारी भेटले तेव्हा "योगेश एक्स्पोर्टमध्ये आहे" असं बाबा त्यांना सांगताना मी ऐकलं. त्या दोन-तीन वर्षांत त्या शब्दाला असं वजन आलं होतं की पुढचं कोणी विचारत नसे.

वर्ग प्रदर्शनाच्या मैदानामागे एका पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. शिकवायला लक्ष्मणराव वेदपाठक. वय त्रेसष्ट, काळी टोपी, पांढरा पायजमा, तोंडात पान. माणूस मूळचा उदगीरकडचा. चौथीपर्यंत उर्दूत शिकलेला. बेगम बाजारात अडतीस वर्षं चार हात रुंदीचं दुकान चालवलेला. मग बाजारात यंत्रावर केलेली पैंजणं आणि जोडवी पोत्यांनी यायला लागली, आणि त्या दुकानात प्लास्टिकच्या बादल्या आल्या. लक्ष्मणराव मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे त्यांनी गॅलरीत बागेसरी, म्हणजे सोनाराची कोळशाची शेगडी, पेटवली. सोसायटीच्या सेक्रेटरीने लेखी कळवलं की इमारतीत कारखाने चालवता येत नाहीत. त्यामुळे सगळ्या हैदराबादेत त्यांना विस्तव पेटवून बसता येईल अशी जागा एकच उरली होती, ती म्हणजे आमची शेड. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पण सुट्टीच्या दिवशीही ते कुलपाची चौकशी करून जात, हे चौकीदाराने सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी मुलाखत घेतली.

"शिक्षण?"

"एम.ए. राज्यशास्त्र."

"हौ. गाल फुगवता येतात का?"

येत होते. पण फुंकणीतून ज्योत एका रेषेत धरायची, श्वास नाकाने आत घ्यायचा आणि तोंडाने बाहेर चालूच ठेवायचा, हे राज्यशास्त्रात नव्हतं. तीन आठवडे मी नुसता फुंकत होतो. "मध्ये थांबू नक्को," ते म्हणायचे. "तू थांबलास की चांदी रुसते. मग तिला मनवायला मला यावं लागतं." आमच्यातला मिलिंद चौथ्या आठवड्यात पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत सेल्समन म्हणून गेला. जाताना म्हणाला, फुंकायचंच आहे तर टाय लावून फुंकू.

राहिलो मी आणि सुलभा. हजेरीपटावर आणखी पाच नावं होती. ती दर महिन्याच्या एक तारखेला येत.

सुलभा नारायणगुड्याहून यायची. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. नवरा दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला होता, घरी सासू-सासरे होते, आणि सासरे मास्तर असल्यामुळे सुनेने काहीतरी शिकावं एवढं त्यांना वाटत होतं. पहिल्या दिवशी ती दारात चप्पल काढून आत आली तेव्हा लक्ष्मणरावांनी तिचं तोंड पाहिलंच नाही. पायांकडे बघत म्हणाले, "तू कुलकर्णी मास्तरांची सून. सत्त्याऐंशी सालची. उजवं अर्ध्या सुतानं मोठं."

ही त्यांची कामाची पद्धत होती. जोडवी करायची तर आधी बाईच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला दोरा गुंडाळायचा, डाव्याला वेगळा आणि उजव्याला वेगळा, आणि गाठ मारून ठेवायची. पेरावरून जेमतेम उतरलं पाहिजे आणि उतरल्यावर आपोआप निघता कामा नये. लग्नघरी जोडवी घालायलाही ते स्वतः जात. काचिगुड्यापासून नारायणगुड्यापर्यंतच्या मराठी बायकांची पावलं त्यांच्या पानाच्या जुन्या डब्यात दोऱ्यांच्या रूपाने पडलेली होती. कोणाचा दोरा कोणता, हे गाठीवरून त्यांनाच कळे. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात मात्र बारापासून वीस मिलिमीटरपर्यंतचे आकडे होते आणि तेवढ्या जाडीच्या लोखंडी सळया सरकारने पुरवल्या होत्या. लक्ष्मणराव त्या सळया खिडकीला टेकण म्हणून वापरत.

नोव्हेंबरात मी माझी पहिली जोडवी केली. सुशिक्षित असल्यामुळे मी ती पुस्तकावरून केली. चांदी वितळवली, ठोकली, तार ओढली, सोळाच्या सळईवर गुंडाळली, कापली आणि सांधली. दोन्ही एकसारखी, केसाचा फरक नाही. सांध्यावर थोडा फुगवटा आला होता, पण तो मी खालच्या बाजूला धरला.

लक्ष्मणरावांनी ती तळहातावर घेतली. "कोणाची?"

"कोणाची म्हणजे, कोणाचीही."

"असं कोणी माझ्या ओळखीचं नाही," म्हणून त्यांनी ती परत दिली.

सुलभाने तेवढ्या काळात सहा जोड केले होते. शेजारणींची मापं आणायची, काम करायचं, धुऊन पुसून कागदात बांधायचं. स्वतःच्या मापाचं तिने काही केलं नाही. तिच्या पायाच्या बोटांवर, जिथे पाच वर्षं जोडवी होती, तिथली कातडी अजून थोडी फिकट होती. मी ते पाहिलेलं होतं. लक्ष्मणरावांनी न पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

जानेवारीत मैदानावर दरवर्षीचं प्रदर्शन भरलं तेव्हा आमच्या केंद्राला एक स्टॉल मिळाला. सुलभाचं सगळं काम पहिल्या चार दिवसांत गेलं. माझी जोडवीही तिथे होती. एका बाईने ती उजव्या पायात घालून पाहिली, मग डाव्या पायात घालून पाहिली, आणि दुसऱ्याच्या मुलाचं गाणं ऐकल्यावर आपण जसा चेहरा करतो तसा चेहरा करून परत दिली. मी ती शेडमधल्या टेबलाच्या खणात आणून टाकली.

त्याच आठवड्यात पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून मी वाचून दाखवलं. शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असणं यापुढे आवश्यक आहे. त्यासाठी तीस जानेवारीला परीक्षा होईल. लक्ष्मणराव वेदपाठक उत्तीर्ण न झाल्यास त्यांची नेमणूक संपेल आणि शेडमध्ये ओतकामाचं यंत्र व ते चालवणारा डिप्लोमाधारक येईल.

लक्ष्मणरावांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "म्हंजे पास झालो तर मी तुम्हाला शिकवू शकतो."

"हो."

"मग सहा महिने मी काय केलो?"

मी पत्र उलटून मागची बाजू पाहिली. ते बागेसरीतले निखारे चिमट्याने एकेक करून जवळ आणत बसले. मग म्हणाले, "यंत्राला विस्तव लागतो का?"

"विजेवर चालतं, काका," सुलभा म्हणाली.

"हौ. मग मला कोण बसू देतंय इथं."

आम्ही दोघांनी त्यांची तयारी करून घ्यायचं ठरवलं. तोंडी परीक्षेचे प्रश्न पुस्तकाच्या शेवटी होते.

"काका, चांदी किती अंशांना वितळते?" मी विचारलं.

"आधी लाल होते. मग नारिंगी. मग अंगावर आरसा चढतो. तेव्हा."

"नऊशे एकसष्ट अंश म्हणायचं."

"बघून?"

"बघून नाही, पाठ करून."

"न बघता कसं सांगू? उद्या कोणी विचारलं की कवा बघितलास, तर?"

सुलभा म्हणाली, "कोणी विचारत नाही, काका. त्यांनीपण बघितलेलं नसतं."

हे त्यांना पटलं. पुढचे तीन आठवडे ते पान लावताना "नऊशे एकसष्ट" पुटपुटत राहिले. सांधताना लावायच्या टाकणखाराला रसायनशास्त्रात काय म्हणतात, हेही त्यांनी पाठ केलं, पण ते नाव घेताना ते टोपी सारखी करत. आपण कोणाची तरी खोटी ओळख करून देतो आहोत, असा काहीसा संकोच त्यांना वाटत असावा.

परीक्षा घ्यायला प्रियदर्शिनी मॅडम आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, चष्म्याच्या केसमध्ये चष्म्याऐवजी मोजमापाचा स्टीलचा कॅलिपर. मातृभाषा तेलुगू, हिंदी बेताचं, आणि पाच वाजताची परतीची गाडी. तोंडी परीक्षा दहा मिनिटांत झाली. चांदी किती अंशांना वितळते, हे त्यांनी विचारलंच. लक्ष्मणराव म्हणाले, "नऊशे एकसष्ट. पर उसपे भरोसा मत करना, अम्मा." मॅडमनी पहिला अर्धा भाग लिहून घेतला.

मग प्रात्यक्षिक. मॅडमनी वीस ग्रॅम चांदी तोलून दिली आणि कागद वाचला: साधी जोडवी, एक जोड, सोळा मिलिमीटर, सांधा दिसता कामा नये, वेळ चार तास.

लक्ष्मणरावांनी चांदी घेतली नाही. "एवरिकी, अम्मा?" त्यांनी विचारलं. कोणासाठी?

मॅडमना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं. सोळा मिलिमीटर.

"ते माप झालं. बाई कोण?"

"बाई कोणी नाही. हा नमुना आहे."

"मग जोडवी कशाला? कडी करून देतो. दाराला लावा."

मी त्यांचा हात दाबला. त्यांनी तो काढून घेतला. हट्टाने नव्हे, मला वाटतं, त्यांना खरोखरच सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. पन्नास वर्षांत त्यांचं काम नेहमी एका पावलापासून सुरू झालेलं होतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ टाकली: अकरा दहा. अकरा वीस झाले तरी चांदी टेबलावरच होती.

मग सुलभा उठली, स्टुलावर बसली आणि तिने उजवा पाय पुढे केला.

"माझं माप घ्या, काका. नाहीतरी आहेच तुमच्याकडे."

लक्ष्मणरावांनी तिच्याकडे पाहिलं. या वेळी तोंडाकडे. बराच वेळ. त्यांच्या घरी सोवळं-ओवळं, अमावास्या, सगळं काटेकोर चालायचं. विधवेच्या पायाला जोडव्याचा दोरा लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसणार. मग त्यांनी खिशातून नवा दोरा काढला.

"ते माप जुनं झालं," ते म्हणाले. "पाय बदलतात."

पुढचे साडेतीन तास मी जे पाहिलं ते सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत, आणि जे आहेत ते पुस्तकातले आहेत. ते घाई करत नव्हते आणि थांबतही नव्हते. गाल फुगलेला, ज्योत सुईसारखी, आणि चांदीवर आरसा चढला तेव्हा त्यांनी मला बोटाने खूण केली: बघ. मी पाहिलं. नऊशे एकसष्ट.

पावणेतीनला त्यांनी जोडवी रिठ्याच्या पाण्यात धुऊन मॅडमसमोर ठेवली. मॅडमनी सांधा शोधला. भिंग काढून शोधला. मग कॅलिपर लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डावं सोळा आहे. उजवं साडेसोळा."

"हौ."

"दोन्ही सारखी पाहिजेत. समानतेला तीस गुण आहेत."

"तिचे पाय सारखे नाहीत, अम्मा. कोणाचेच नसतात."

"पण मी हे कसं मान्य करू? इथे रकाना आहे."

सुलभाने टेबलावरची जोडवी उचलली. वाकून एक डाव्या बोटात सरकवलं आणि दुसरं उजव्या. पेरावर क्षणभर अडली आणि बसली. तिने पाऊल झटकलं, चार पावलं चालली, परत आली. जोडवी जागची हलली नाहीत.

"आता बघा, मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी पाय पाहिले. मग त्यांची नजर वर गेली, रिकाम्या गळ्यावर आणि कपाळावरच्या बारीक काळ्या टिकलीवर. त्यांनी भिंग मिटलं. टेबलाखाली स्वतःचे पाय चपलेत मागे घेतले. तेलुगू घरांतही मेट्टेलु, म्हणजे जोडवी, लग्नातच घालतात आणि कधी काढतात ते कोणाला सांगावं लागत नाही.

"चांगली बसली," त्या हळू म्हणाल्या. मग पुन्हा अधिकारी झाल्या. "पण नमुना पाकिटात घालून वर पाठवावा लागतो. नमुना नसेल तर उमेदवार गैरहजर धरतात."

"हो, काढते," सुलभा म्हणाली आणि वाकली.

"राहू दे," लक्ष्मणराव म्हणाले.

"काका, त्यात काय. दोन मिनिटांसाठी तर घातली होती."

"घालायचं काम माझं. काढायचं नाही."

"पण तुमची जागा जाईल."

"तुझी एकदा काढली त्यांनी. तवा मी तिथं नव्हतो. आज हाय."

सुलभा वाकलेली तशीच राहिली. मॅडमनी घड्याळ पाहिलं, चांदीचा तराजू पाहिला, आणि उठल्या. "मी चहा घेऊन येते. नमुना पाकिटात घालून ठेवा, आल्यावर सील करते." दारात थांबल्या. मागे न बघता म्हणाल्या, "पाकिटात दोन जोडवी पाहिजेत. सारखी."

त्या गेल्या. मी खण उघडला.

माझी जोडवी मी टेबलावर ठेवली तेव्हा लक्ष्मणरावांना आधी कळलं नाही. मग कळलं.

"हे?"

"सोळा मिलिमीटर. सारखी आहेत."

"सारखी आहेत. दुसरं काहीच नाहीत." त्यांनी एक उचललं, अंगठ्याने सांध्यावरचा फुगवटा चाचपला आणि कानशीकडे हात नेला, मग राहू दिलं. तेवढ्यात होण्यासारखं ते नव्हतं. "याच्यावर माझं नाव लिवणार?"

"पाकिटावर," मी म्हणालो. खालच्या आवाजात, कारण याहून वाईट वाक्य मी त्यांना कधी बोललो नव्हतो.

त्यांनी बागेसरीकडे पाहिलं. निखाऱ्यांवर राख चढली होती. बाहेर मॅडम चहावाल्याशी सुट्या पैशांवरून मुद्दाम लांबवून बोलत होत्या. सुलभा म्हणाली, "काका, मी खरंच काढते," आणि त्यांनी हाताने तिला गप्प केलं. माझी जोडवी एकेक करून पाकिटात टाकली. टाकताना तोंड भिंतीकडे होतं.

सुलभा ती जोडवी घालून बसने घरी गेली. घरी सासूबाईंनी, कुसुमताईंनी, पाय पाहिले. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रोज पुसत जा. काळी पडतात."

निकाल फेब्रुवारीच्या शेवटी आला. मी वाचून दाखवला. तोंडी: चांगले. समानता: उत्तम. कारागिरी: सामान्य. उत्तीर्ण.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"सामान्य?"

"सामान्य."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला. उर्दूतल्या चौथीमुळे तो त्यांना वाचता येत नव्हता, तरी बराच वेळ पाहिला. मग घडी करून टोपीत ठेवला.

"उद्या आठला ये."

"वर्ग दहाला भरतो, काका."

"वर्ग सरकारचा. तुझ्या हातच्या कामाला सरकारनं माझं नाव लावलंय. ते असं ठेवून मी मरू का?"

माझा वर्ग संपायला महिना राहिला होता आणि बाबांनी एका ओळखीच्या एक्स्पोर्टवाल्याकडे शब्द टाकून ठेवला होता. मी आठला गेलो. त्यानंतर सात महिने आठलाच जात राहिलो, हजेरीपटावरून नाव गेल्यावरही. ओतकामाचं यंत्र दोन वर्षांनी आलंच, पण ते पुढचं. त्या सात महिन्यांत आठ ते दहा शेडमध्ये आम्ही दोघंच असायचो. भिंतीपलीकडून विकाराबादची गाडी जाई, पत्रे थरथरत, तेव्हा ते हातोडी उचलून थांबत. मीही थांबत असे. गाडी गेली की दोघं एकदम सुरू करत असू.